चार बोटं वाळू

१

सकाळी ड्यूटीवर निघण्याआधी यादव सपकाळे टाकीत तांब्याभर गोडं पाणी ओतायचा. भुसावळच्या उन्हाळ्यात समुद्राचं पाणी सांभाळायचं तर एवढं एक काम चुकवून चालत नाही. वाफ होऊन उडतं ते गोडं पाणी, मीठ मागंच राहतं. उडालेलं भरून काढलं नाही तर उरलेलं पाणी दिवसागणिक खारट होत जातं आणि आतला जीव मरतो. म्हणून त्याने टाकीच्या काचेवर तांबड्या ऑइलपेंटची बारीक रेघ ओढली होती. सकाळी पाणी रेघेच्या खाली उतरलेलं असायचं, तांब्या ओतला की रेघेला लागायचं. मग तो सायकल काढायचा.

भुसावळात समुद्र कुठून आला, हे रेल्वे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कोणी विचारत नव्हतं. यादव सिग्नल खात्यात फिटर होता, त्याची बायको लता दवाखान्यात आया. एकुलता एक मुलगा नागसेन मालवाहू जहाजावर इंजिनच्या कामाला लागला होता. खानदेशातलं पोर समुद्रावर गेलं, याचं कॉलनीला कोण कौतुक! दुसऱ्याच पावसाळ्यात, आखाताकडे जाताना वादळात जहाज कलंडलं. बरेच जण वाचले. नागसेन वाचलेल्यांत नव्हता, आणि सापडलेल्यांतही नव्हता. कंपनीचा माणूस त्याची पत्र्याची ट्रंक तेवढी आणून देऊन गेला.

सह्या करायला दोघं मुंबईला गेली, तेव्हा लताने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. ती रडली नाही. पिण्याच्या पाण्याची बाटली तिने वाळूत ओतून रिकामी केली, पुढं जाऊन लाटेत बुडवली, बूच लावलं आणि म्हणाली, "राख नाही की माती नाही. आपल्याला एवढंच मिळालं."

बाटली घरी बुद्धमूर्तीशेजारच्या फळीवर राहिली. काही दिवसांनी पाणी गढूळलं, वास यायला लागला. लता रोज ती बाटली उजेडात धरून पाहायची. यादवला ते बघवेना. माणूस दुरुस्ती करणारा. बाटलीत पाणी कुजतं, मोठ्या भांड्यात हवा-वाळू मिळाली तर जिवंत राहतं, एवढं त्याने कुणाकडून तरी ऐकलं. मग एका बंद पडलेल्या दुकानाच्या शोकेसच्या काचा आणल्या, टाकी ठेवायला लोखंडी घोडा बनवला आणि समोरच्या खोलीत, नागसेनची खाट होती तिथं, टाकी उभी केली. उंचीला गुडघाभर, लांबीला दोन हात. पाणी सुकदेवने आणून दिलं. सुकदेव गार्ड होता, धुळ्याकडचा, यादवचा जुना दोस्त. मुंबईची फेरी असली की दोन कॅन भरून आणायचा, दारात ठेवायचा आणि चहा न घेताच जायचा. वाळूही त्यानेच आणली. यादवने ती चाळून, धुऊन टाकीत पसरली आणि हाताने मोजली. चार बोटं.

२

मासे सोडले होते, पण पहिल्या उन्हाळ्यातच ते मेले. मग टाकीत फक्त पाणी, वाळू, दोन दगड आणि हवेची मोटर. मोटर दिवसभर बुडबुडे सोडायची. लता दवाखान्यातून आली की खुर्ची ओढून समोर बसायची. यादवला वाटायचं, बसू दे.

दुसऱ्या वर्षी होळी झाली आणि काचा हिरव्या पडायला लागल्या. आधी कोपरे धरले, मग सबंध काचेवर शेवाळाचा पडदा आला. लता फडक्याने पुसायची, दोन दिवसांत पुन्हा तेच.

"मला आत दिसत नाही हो," ती म्हणाली.

"आत काय बघायचंय? वाळू तर आहे."

"असू द्या वाळू. दिसली पाहिजे."

यादव पास काढून मुंबईला गेला. मासे विकणाऱ्या एका दुकानदाराने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फडकं कशाला मारता? गोगलगायी सोडा, त्या काच खातील. आणि शंख सोडा, ते वाळू खालवर करून साफ ठेवतील. फक्त एकदम पाण्यात टाकू नका. आपलं पाणी त्यांच्या पाण्यात थेंब-थेंब सोडायचं, सवय होऊ द्यायची. नाही तर जीव दचकतो."

ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या पिशव्या मांडीवर घेऊन यादव रात्रभर जागा बसून आला. लताने दवाखान्यातून सलाइनची धुतलेली नळी आणली. शंख-गोगलगायी पातेल्यात ठेवल्या, नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं पातेल्यावर धरलं आणि चाकी फिरवून थेंब बांधला. संध्याकाळपर्यंत ती पातेल्याशी बसून राहिली, एखाद्या पेशंटजवळ बसावं तशी.

गोगलगायी नखाएवढ्या, काळ्या. सोडल्याबरोबर काचेला चिकटल्या. बाहेरून त्यांची तोंडं दिसायची, उघडत-मिटत पुढं सरकणारी. शंख मात्र मुठीएवढे होते, तपकिरी, जड. बराच वेळ वाळूवर दगडासारखे पडून राहिले. मग एकाच्या कडेच्या खाचेतून बारीक देठ बाहेर आला, त्याच्या टोकाला डोळा होता. वाटोळा, पिवळ्या-काळ्या कड्यांचा. मागोमाग दुसरा. शंखाला डोळे असतात हे यादवला पन्नाशीला आल्यावर कळलं.

"अगं बाई," लता म्हणाली आणि हसली. "माझ्याकडं बघतोय."

नागसेन गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. यादव स्वयंपाकघरात गेला आणि उगाच भांडी इकडची तिकडं करत राहिला.

आठवड्याभरात काच लखलखीत झाली. शंख वाळूत घुसून बसले. वर फक्त डोळे, देठांवर उभे. कुठल्याही वेळी पाहिलं तरी ते लताच्या खुर्चीकडे वळलेले असायचे. खिडकी त्याच बाजूला आहे, उजेडाकडे बघत असतील, असं यादवने स्वतःला सांगितलं. ते पटण्यासारखंही होतं.

३

मे महिना लागला. ऊन असं पडलं की सायकलीची दांडी हाताला चटके द्यायची. कूलरची टाकी दुपारच्या आत कोरडी व्हायची. धुणं दोरीवर टाकेपर्यंत वाळायचं. एका सकाळी यादव तांब्या घेऊन टाकीशी आला आणि थांबला. पाणी रेघेला लागलेलं होतं.

"लता, पाणी घातलंस का टाकीत?"

"मी कशाला घालू? ते तुमचं काम."

दुसऱ्या दिवशीही पाणी रेघेवर. तिसऱ्या दिवशी रेघ पाण्याखाली गेली होती.

यादवचा जन्म बिघाड शोधण्यात गेला होता. दिवा लागत नाही म्हणजे कुठंतरी तार तुटली आहे, पाणी शिरलंय, उंदराने कुरतडलंय. कारण नसतं असा बिघाड त्याने पाहिला नव्हता. लता घालते आणि विसरते, हे सगळ्यात सोपं कारण होतं. दुःखात माणूस विसरतो. टाकी बांधली तेव्हाच त्याने दूधवाल्याकडून दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी आणली होती. तिने तो टाकीचा खारेपणा बघायचा. पाणी जेवढं खारं, तेवढी नळी वर तरंगते. लता नळाचं पाणी घालत असेल तर नळी नेहमीपेक्षा खाली बुडायला हवी होती.

नळी वर आली. इतकी वर कधीच आली नव्हती.

म्हणजे पाणी वाढत होतं ते समुद्राचं. यादवने न्हाणीघरात जाऊन सुकदेवने आणलेले कॅन पाहिले. भरलेले, बुचांवर धूळ. त्याने हाताने हलवून पाहिले, मग वास घेतला. परत आला आणि तांबड्या रेघेच्या वर एक पांढरी रेघ ओढली. चार-पाच दिवसांत तीही बुडाली.

शेजारच्या बेबाबाई बर्फ मागायला आल्या. उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्या घरात बरं थंडं लागतं हो वहिनी. ओल आल्यावानी." आणि जाताना त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, मग पदराने तोंड पुसलं. यादवने ते पाहिलं. तो आत गेला आणि भिंतीला बोट लावून चाखलं. खारट होतं.

लोणा धरतो भिंतीला, तो म्हणाला, स्वतःशीच, पण मोठ्याने.

४

लताला तहान लागायची. माठ सकाळी भरलेला, दुपारी रिकामा. तांब्या तोंडाला लावायची तो संपेपर्यंत खाली ठेवायची नाही, आणि तरी ओठ फुटलेले, पांढरे. हातावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. तिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर पाहिली. काही नाही. उन्हाचं आहे म्हणाले, मीठ-साखरेचं पाणी द्या.

"मीठ नको," लता म्हणाली. "मीठ पुष्कळ आहे."

यादवच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी लाइट गेली. कूलर थांबला, टाकीची मोटर थांबली, बुडबुडे विरले. कॉलनी उन्हात चिडीचूप झाली. यादव आतल्या खोलीत पडला होता. घरात आता एकही आवाज नसायला हवा, असं त्याच्या मनात आलं, आणि तेव्हाच त्याला तो ऐकू आला.

फार हलका. कुठूनतरी पुढं येणारा, येता येता भरणारा, मग थांबणारा. आणि मग ओढत मागं जाणारा.

तो उठला. स्वयंपाकघरात आवाज कमी येत होता, न्हाणीत अजिबात नाही, समोरच्या खोलीत होता. त्याने टाकीच्या काचेला कान लावला. काच गार होती, आत शांत. कान काढला की आवाज पुन्हा होता, खोलीभर. फरशीतून येतो म्हणावं तर फरशीखाली मुरूम. रुळावरून मालगाडी जात असेल म्हणावं तर कुठली मालगाडी इतका वेळ मागंपुढं करते? शंख वाळूतून अर्धे वर आले होते, त्यांची तोंडं छताकडे. लता खुर्चीत डोळे मिटून बसली होती. तिचे ओठ हलत होते.

"कोणाशी बोलतेस?"

"बोलत नाही. मोजतेय."

"काय?"

"लाटा," ती डोळे न उघडता म्हणाली. "मध्येच बोलू नका, मोजणी चुकते माझी."

लाइट आली. कूलर धडधडला आणि बाकी काही ऐकू येईना. यादव उभा होता तिथंच, एक हात भिंतीला टेकून. भिंत ओली होती.

५

पुढच्या रविवारी लता ड्यूटीवर गेल्यावर त्याने रबरी नळी लावून टाकी उपसायला घेतली. बादली भरली की मागच्या गटारीत ओतायची. भरली की ओतायची. घाम निथळत होता. एक बादली हातातून हेंदकाळली आणि पेरूच्या बुंध्याशी सांडली. खेपा घालून घालून कंबर भरली, तेव्हा त्याने टाकीकडे पाहिलं. पाणी होतं तिथंच होतं.

तो खाली बसला. टाकीतून निघालं तेवढं पाणी त्या टाकीत मावणारं नव्हतं. हे त्याला समजत होतं, आणि समजून करायचं काय ते समजत नव्हतं.

पाणी नाही तर नाही, शंख तरी काढू, असं त्याने ठरवलं. ते आल्यापासूनच हे सुरू झालं होतं. बाही वर करून त्याने हात आत घातला. शंखांनी डोळे आत ओढले आणि वाळूत उतरले. जिथं एक बुडाला तिथं त्याने बोटं रोवली. वाळू मऊ होती, थंड. बोटं गेली, मनगट गेलं. शंख हाताला लागेना. त्याने आणखी खाली चाचपलं. कोपर गेलं. मग तो वाकला, गाल पाण्याला टेकला, खांदा भिजला, आणि तरी तळाची काच लागली नाही.

त्याला बाजूने सगळं दिसत होतं. काचेतून चार बोटं वाळूचा पट्टा दिसत होता, त्यात शिरलेलं त्याचं मनगट दिसत होतं. पट्ट्याखाली तळाची काच, काचेखाली लोखंडी घोडा, घोड्याखाली रिकामी जागा आणि तिथं काढून ठेवलेल्या त्याच्या स्वतःच्या चपला. हात मात्र खांद्यापर्यंत आत होता. बोटं हलत होती, कुठल्या तरी मोठ्या, मोकळ्या गारव्यात.

आणि मग कोणीतरी त्याचं बोट धरलं.

जोरात नाही. गर्दीत चुकायला नको म्हणून धरावं, तेवढंच.

यादव हिसडा मारून मागं पडला. अर्धी बाही फाटली होती. काखेपर्यंत बारीक, पांढरी वाळू चिकटली होती, ती सुकदेवने आणलेली नव्हती. सुकदेवची वाळू काळपट होती.

६

संध्याकाळी लताने त्याच्या दंडावरचं खरचटलेलं पाहिलं. पाणी प्यायली, तांब्या ठेवला आणि शांतपणे विचारलं, "लागला?"

"काय?"

"हात."

यादवने तोंड फिरवलं.

"मला रोज लागतो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"शंख आले तेव्हापासून. वाट त्यांनी केली. आधी नुसतीच वाळू होती ना."

"लता, तो नागसेन नाही."

"मग कोण आहे?"

यादवच्या बापाने दीक्षा घेतली त्याच दिवशी भूत-पिशाच, अंगात येणं, उतारे-भारे सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. त्या घरात यादव वाढला होता. तेच त्याने लेकाला शिकवलं होतं.

"आपण असलं काही मानत नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच पडका वाटला.

"मीही मानत नाही," लता म्हणाली. "मी फक्त हात धरते."

थोड्या वेळाने तिने स्वतःहून सांगितलं, "बोलत वगैरे नाही तो. नुसता धरतो. हल्ली थोडा ओढतो. कंटाळला असेल एकटा."

यादवने त्या रात्री तिला समोरच्या खोलीत जाऊ दिलं नाही. सकाळी म्हणाला, "पाचोऱ्याला चल भावाकडे. महिनाभर राहा. मी रजा टाकून येतो, दुपारच्या गाडीने निघू." त्याला वाटलं, ती भांडेल, रडेल. ती म्हणाली, "बरं." लगेच पिशवी भरायला घेतली, लुगडी घड्या घालून ठेवली. तो निघाला तेव्हा दारापर्यंत आली. "उन्हाचं सावकाश या," म्हणाली.

स्टेशनात सुकदेव भेटला. यादवने त्याला सगळं सांगितलं, हाताचंही. सुकदेवने हसण्यावारी नेलं नाही. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"भाऊ, पह्यले वहिनीले घरमाइन बाहेर काढ," तो आपल्या अहिराणीत म्हणाला. "टाकीनं मंग देखसूत. मी हातोडा लिसन येस."

"दुपारी ये."

"येस. तू जाय."

पण त्या दिवशी यार्डात सिग्नल अडकला. साहेब म्हणाले, एवढं करून जा. तार सापडायला ऊन माथ्यावर आलं.

७

कॉलनीत चिटपाखरू नव्हतं. दारं-खिडक्या बंद, डांबर मऊ झालेलं. लांबूनच यादवला पेरूचं झाड दिसलं. पानं तपकिरी होऊन गळालेली, काल हिरवी होती. ओट्यावर पिशवी भरून ठेवलेली होती, तिच्यावर लताची छत्री. त्याच्या जिवात जीव आला. तयार होऊन बसली आहे, तो मनात म्हणाला.

दार नुसतं लोटलेलं होतं.

आत लाइट नव्हती. मोटर बंद. आणि तो आवाज आता हलका राहिला नव्हता. छातीत बसत होता. भरून येत होता, थांबत होता, आणि मागं जाताना बारीक दगड घसटत नेल्यासारखा खरखरत होता.

"लता?"

खुर्ची टाकीला अगदी टेकवलेली होती. पाणी काठाच्या वर आलं होतं, काचेच्या कडेवर फुगून थरथरत होतं, पण एक थेंब खाली नव्हता. सगळे शंख वाळूबाहेर होते. गोल करून बसलेले. त्यांचे डोळे पहिल्यांदाच खुर्चीकडे नव्हते. ते त्या गोलाच्या मध्ये बघत होते.

मध्ये वाळूत लताच्या लुगड्याचा पदर जात होता. सावकाश. थोडा जायचा, थांबायचा, पुन्हा थोडा.

यादवने दोन्ही हात घातले आणि पदर धरला. पाय घोड्याला रोवून ओढला. कापड आलं, हातभर आलं, आणखी आलं, नुसतं ओलं कापड. मग पलीकडून ताण बसला. त्याला ओरडायचं होतं, पण तोंडाशी पाणी होतं. त्याने पदर मनगटाला गुंडाळला. गेलो तर दोघं जाऊ, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता, आणि तो त्याने पक्का केला होता, असं तो पुढं सुकदेवला सांगायचा.

वाळू वर उचलली गेली आणि त्यातून हात आला. लताचा. हिरव्या बांगड्या, करंगळीजवळ इस्त्रीने भाजल्याचा डाग. कोरडा, सुरकुतलेला हात. तो चाचपडत यादवच्या मुठीपाशी आला. यादवला वाटलं, धरायला आला.

तिने त्याची बोटं सोडवायला घेतली. आधी अंगठा. मग एकेक बोट, हळुवारपणे, झोपलेल्या पोराच्या मुठीतून काही काढून घ्यावं तसं. मनगटाचा वेढा उलगडला. त्याच्या तळव्यावरून एकदा हात फिरवला.

तेव्हा त्याला दिसलं की तिच्या मनगटावर आणखी एक हात आहे.

तो किती वेळ दिसला ते त्याला सांगता येत नाही. पुरेसा वेळ दिसला. मग पदराचं टोक सरकलं, वाळू सपाट झाली, आणि शंख एकामागून एक डोळे मिटून आत गेले.

८

सुकदेव हातोडा घेऊन आला तेव्हा यादव जमिनीवर बसलेला होता, दोन्ही मुठी आवळून. सुकदेवने काही न विचारता काच फोडली. पाणी आलं ते टाकीत मावेल एवढंच, फरशीवरून उंबऱ्यापर्यंत गेलं आणि उन्हात वाळलं. वाळू चार बोटं होती. सुकदेवने ती हाताने पालथी घातली, खालची काच खरवडून पाहिली. शंख हलके लागले. आत जीव नव्हता, कित्येक वर्षं नसावा तसे ते आतून पांढरे, कोरडे होते.

पोलीस आले. बेबाबाईंनी सांगितलं, वहिनींचं मन थाऱ्यावर नव्हतं. पिशवी भरलेली होतीच. भुसावळचं स्टेशन, चारी दिशांना गाड्या, बाई कुठल्याही गाडीत बसून गेली असेल, सगळ्यांना ते पटलं. यादवनेही मान हलवली. पाचोऱ्याहून तिचा भाऊ आला, त्याने मुंबईपर्यंत धर्मशाळा आणि दवाखाने पालथे घातले. फोटो छापून आला. काही कळलं नाही.

यादव कामावर जायचा, सिग्नल दुरुस्त करायचा, घरी यायचा. समोरच्या खोलीत काही ठेवायचा नाही. लोक म्हणायचे, सावरला.

पावसाळा उलटल्यावर एका संध्याकाळी सुकदेव आला. दोघं ओट्यावर बसले. मग सुकदेव म्हणाला, "भाऊ, एक समाधान मान. वहिनी पोरजवळ गयी. मायले अजून काय पाहिजे?"

यादवने ओट्यावरची एक वाळकी काडी उचलून मोडली.

"तू तं देखा ना हात. त्यानाच व्हता ना?"

यादवने स्वतःचे तळवे पालथे केले, पुन्हा उताणे केले.

"हाताचं बोट धरून शाळेत नेला त्याला," तो म्हणाला. "त्याची नखं मी काढायचो. नीट पाहिला तो हात, सुकदेव, पुष्कळ वेळ पाहिला."

"मंग?"

"मला तो हात ओळखू आला नाही."

सुकदेव सरकून त्याच्याकडे वळला.

"बाप आहे मी त्याचा," यादव म्हणाला. "आणि तिला मी कोणाच्या हाती दिलं, ते मला माहीत नाही."